बेसमेंटचा चढ आणि माझा डावा पाय

निशिगंध१२ | सोमवार, रात्री १०:४०

वय ४३, लायसन्स २०११ सालचं, आणि आज सकाळी सोसायटीच्या बेसमेंटमधून गाडी वर काढता येईना म्हणून शेजारच्या सेकंड इयरच्या पोराला हाक मारावी लागली. त्याने आधी सीट मागे सरकवली, मग एका दमात गाडी गेटबाहेर नेऊन लावली आणि किल्ली हातात देताना म्हणाला, "काकू, होतं असं." ते "होतं असं" दिवसभर डोक्यात वाजतंय.

पार्श्वभूमी सांगते. लायसन्स काढलं तेव्हा एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस जात होते. त्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. मी स्टिअरिंग धरून ऐटीत बसायचे आणि वाटायचं, काय सुरेख जमतंय! पंधरा दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. पडेल कशी? क्लच सरच सांभाळत होते. हे कळलं स्वतःच्या गाडीत बसल्यावर, भर कर्वे रोडला, आणि शेजारी नवरा होता. तो प्रसंग इथे लिहीत नाही. त्यानंतर मी डावीकडच्या सीटवर बसून "स्पीडब्रेकर आहे" एवढंच सांगायचं काम वर्षानुवर्षं चोख केलं.

आता नवऱ्याची बदली नाशिकला झालीय. गाडी इथेच, वारज्यात. २०१६ ची वॅगनआर, पेट्रोल, साधे गिअर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आठवड्यातून तीनदा तिला कर्वेनगरहून डहाणूकर कॉलनीत फिजिओथेरपीला न्यायचं असतं. रिक्षात पाय वाकवून चढताना ती कळवळते. गाडीची पुढची सीट मागे सारली की तिला पाय लांब करून बसता येतं. त्यामुळे गाडीशिवाय इलाज नाही.

सपाटीवर मी चालवते. गचके खात, पण चालवते. खरा शत्रू म्हणजे आमचा रॅम्प. खालून वळण घेत वर येतो आणि ऐन टोकाला, चढावरच, थांबावं लागतं, कारण समोर फुटपाथ, पुढे रस्ता आणि दोन्ही दिशांनी सुसाट दुचाक्या. आज तिथे थांबले. ब्रेकवरचा पाय उचलून अॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे यायला लागली. घाबरून क्लच सोडला, गाडी बंद. चालू केली, परत बंद. असं चार वेळा. मागे ऑफिसला निघालेल्या दोन गाड्या, पहिलीच्या बंपरमध्ये आणि माझ्यात वीतभर जागा उरलेली. वॉचमनमामांनी धावत येऊन मागच्या चाकाला वीट लावली. पाय इतके लटपटत होते की क्लच दाबून धरवेना.

तर विचारायचं एवढंच, की हे या वयात शिकता येतं का, आणि कसं? "ऑटोमॅटिक घ्या" हे उत्तर नको. पैसे नाहीत.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०:५२

ऑटोमॅटिक घ्या.

(पळतो.)

कडीपत्ता | सोमवार, रात्री ११:१५

निशिगंध, लाज कसली त्यात? मी पहिले दोन महिने उजवीकडे वळतच नव्हते. समोरून येणाऱ्यांना कापून जायचं धाडस होत नव्हतं, म्हणून डावी, डावी, डावी अशी वळणं घेत अख्ख्या कोथरूडला प्रदक्षिणा घालून घरी पोचायचे. दूध आणायला पाऊण तास लागायचा. सासूबाईंना वाटायचं, सून मैत्रिणीकडे गप्पा मारत बसते. मी ते खोडलंही नाही, ते कारण जास्त अब्रूचं होतं.

सांगायला माझ्याकडे काही नाही, जाणकार येतीलच. धागा वर राहावा म्हणून लिहिलं.

खंबाटकी | मंगळवार, सकाळी ६:०५

ताई, एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. १९८४ ला लागलो, पुढे बरीच वर्षं पुणे-कोल्हापूर केलं. मराठी टाइप करायला नातवाने शिकवलंय, चुका पोटात घाला.

पहिलं म्हणजे विटेची लाज बाळगू नका. घाटात कंडक्टर उतरून चाकाला दगड लावतोय आणि ड्रायव्हर गाडी उचलतोय, हे त्या काळी रोजचं होतं. जुन्या गाड्यांना गिअर बदलताना क्लच दोनदा मारायला लागायचा, डबल क्लच म्हणायचो. एकदा मारला तर गिअर पडायचाच नाही, नुसता खरखरायचा आणि पन्नास माणसं आपल्या मानेकडे बघायची. तुमच्या गाडीत तेवढं तरी सोपं आहे.

आता चढ. तुम्ही ब्रेकवरून पाय उचलून रेस द्यायला जाता, त्या मधल्या वेळात गाडीला धरायला कुणीच नसतं. ते काम हँडब्रेकला द्या. थांबलात की हँडब्रेक ओढा, पुरा वर. आता ब्रेकवरचा पाय काढून बघा. गाडी मागे जात नाही ना? मग आता घाई तुम्हाला नाही, मागच्याला आहे.

पहिला गिअर टाका. उजव्या पायाने थोडी रेस द्या, इंजिन जरा गुरगुरेल इतकीच, आणि ती तेवढीच धरा. मग डावा पाय वर आणा, अगदी दमानं. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बसतो, घोगरा होतो, आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं दिसतं. हँडब्रेकने मागची चाकं धरलीत आणि पुढची चाकं ओढायला लागलीत, म्हणून गाडी नाक वर करते. तिथं डावा पाय थांबवायचा. खिळा ठोकल्यासारखा. मग हँडब्रेक सोडायचा. गाडी पुढे जाईल, नाहीतर जागेवर उभी राहील, मागे येणार नाही. जागेवर राहिली तर रेस गुंजभर वाढवायची.

माणसं चुकतात ती याच्या पुढं. हँडब्रेक सुटला की आनंदाने क्लचसुद्धा सोडून देतात आणि गाडी बंद. पुरी गाडीभर अंतर पुढे गेल्याशिवाय डाव्या पायाला सुट्टी नाही.

आणि हे शिकायला रॅम्पवर जाऊ नका. आधी हलका चढ शोधा, मागे कुणी नसलेला.

क्लचप्लेट | मंगळवार, दुपारी १:३०

खंबाटकीदादांनी सांगायचं ते सगळं सांगितलंय. मी गॅरेजवाला, इचलकरंजी. आत काय होतं तेवढं सांगतो.

जातं बघितलंय नव्हं? खाली एक तळी, वर एक तळी. आता असं धरा की खालची तळी इंजिन फिरवतंय. गाडी उभी असली तरी ती फिरत्याच, मिनिटाला सात-आठशे फेरे. वरची तळी चाकाला जोडल्याली, ती गप उभी. तुम्ही क्लच दाबला म्हणजे वरची तळी उचलून धरली. क्लच सोडला म्हणजे खाली ठेवली. दाणकन ठेवली तर फिरणारी तळी अख्ख्या गाडीचं वजन एका झटक्यात फिरवू शकत नाही, उलट तीच थांबत्या. त्यालाच तुम्ही गाडी बंद पडली म्हणता. सावकाश टेकवली तर घासत घासत वरचीबी फिरायला लागत्या, आणि दोन्हींचा वेग एक झाला की पाय काढून घ्यायचा. ही घासायची जी जागा, तिला आम्ही हाफ क्लच म्हणतो.

पेडलच्या सगळ्या प्रवासात ही जागा बोटभर, लई झालं तर दोन बोटं. तिच्या खालचा आणि वरचा प्रवास भरभर केला तरी काय बिघडत नाही. सगळी सावकाशी त्या बोटभर जागेत पाहिजे. नवीन माणूस नेमकं उलटं करतोय, खालनं जपून जपून येतोय आणि ती जागा आली की पाय उचलतोय.

ती जागा शोधायचा एक खेळ सांगतो. सपाट मोकळा रस्ता, पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवायचा. अॅक्सिलरेटरला शिवायचंच नाही. फक्त क्लच सोडत सोडत गाडी हलवायची. आताच्या पेट्रोल गाड्या इंजेक्शनवाल्या असतात, इंजिन दबायला लागलं की कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल जरा वाढवतोय, त्यामुळं सपाटीला गाडी तेवढ्यावर निघत्या. हलली की परत क्लच दाबा, ब्रेक मारा, थांबा. पन्नास वेळा करा. दोरी जळल्यागत वास आला तर दहा मिनिटं गाडी गार होऊ द्या.

अजून एक. गाडी जुनी झाल्या, क्लच केबल एकदा बघून घ्या. केबल जड झाली की पेडल अडकत अडकत वर येतंय आणि मग कुणाचाबी पाय चुकणार. माझ्याकडं दोन-तीन ताई "मला जमतच नाही" म्हणत आल्या होत्या. त्यांचं काय नव्हतं, केबल बदलली आणि काम झालं.

निशिगंध१२ | मंगळवार, दुपारी ३:१०

क्लचप्लेट, जात्यावरून मला पहिल्यांदा कळलं की मी नक्की काय करतेय! लहानपणी आजोळी जातं ओढलंय, वरची तळी टेकताना हाताला जो खरखरीत झटका बसतो तो अजून आठवतो. केबल उद्याच दाखवते.

खंबाटकीकाका, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून फ्रिजला लावलाय.

रिकामटेकडा | मंगळवार, सायं. ७:२०

मस्करी बाजूला. धागाकर्तीला नको असेल, पण इतरांनी तरी विचार करा. २०१४ मध्ये सेलेरियो एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप सांभाळणारी गाडी, आली तेव्हापासून मध्यमवर्गालाही क्लचविना गाडी परवडायला लागली. ज्या कामाला मशीन आहे ते पायाने का करायचं? पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी डावा गुडघा बोलायला लागतो.

क्लचप्लेट | मंगळवार, रात्री ९:००

रिकामटेकडे साहेब, एएमटीत क्लच असतोच. तीच प्लेट, तेच घासणं. फक्त दाबायला तुमच्या पायाच्या जागी मशीन असतंय. ते मशीन बिघडलं की बिल बघून गुडघा परवडला म्हणाल. आणि बऱ्याच एएमटी गाड्या चढावर जरा मागं येतातच, तिथंबी हँडब्रेक लागतोयच. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवायची सोय, असंल त्या गाडीत गोष्ट वेगळी.

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९:०४

बरं बाबा. गुडघा तर गुडघा.

टेम्सकाठी | बुधवार, पहाटे २:३५

वाचत होते, राहवलं नाही. मी इंग्लंडात, रेडिंगला असते. मुंबईत बारा वर्षं गाडी चालवून इथे आले आणि पहिल्या परीक्षेत नापास झाले.

इथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, म्हणून हट्टाने मॅन्युअलवर दिली. साधारण चाळीस मिनिटं परीक्षक शेजारी बसतो. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर मात्र एकही नाही. माझी गाडी बंद पडली, तीही राउंडअबाउटच्या तोंडाशी, मागे रांग. मनात म्हटलं, संपलं. तरी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, चालू केली, आरसे बघितले आणि निघाले. निकालपत्रात ती एक किरकोळ चूक होती! नापास झाले ते लेन बदलताना आरशात न बघितल्याबद्दल. मुंबईत आरसा केस नीट करायला असतो अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या परीक्षेआधी इथल्या शिक्षिकेने एक विचित्र प्रकार करायला लावला. म्हणाली, आता गाडी मुद्दाम बंद पाड. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण खरंच, रिकाम्या रस्त्यावर दहा वेळा क्लच झटकन सोडून गाडी बंद पाडायला लावली आणि दर वेळी तोच क्रम: ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, किल्ली, आरसे. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत छाती धडधडत होती. आठव्या वेळी मला जांभई आली. तो दिवस आणि आजचा दिवस, गाडी बंद पडली की माझे हात आपोआप कामाला लागतात, डोकं मधे येत नाही.

निशिगंध, तुझं चढाचं तंत्र काकांनी सांगितलंच आहे. पण मला वाटतं तुला चढाची भीती कमी आहे आणि गाडी बंद पडल्यावर चारचौघांत काय होईल याची जास्त. तर मुद्दाम बंद पाडून बघ.

कडीपत्ता | बुधवार, सकाळी १०:१०

"आठव्या वेळी जांभई आली" :) टेम्सकाठी, तुम्हाला दंडवत.

निशिगंध१२ | रविवार, सकाळी ११:४५

अपडेट देते. केबल खरंच जड निघाली, बदलली. पेडल आता लोण्यासारखं खाली जातं. इतकी वर्षं नवऱ्याला ते कळलं नाही, कारण त्याचा पाय म्हणजे नांगर आहे.

आज सकाळी सहाला मागच्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर गेले. (बेसमेंटमधून गाडी रात्रीच त्या सेकंड इयरवाल्याकडून वर काढून घेतली होती, खोटं कशाला बोलू.) आधी क्लचप्लेट यांचा खेळ. पहिल्या वीस-पंचवीस वेळा काहीच कळत नव्हतं. कधी हलते, कधी गचका. मग चप्पल काढून अनवाणी पाय ठेवला आणि कळलं! त्या बोटभर जागेत पेडलमधून तळव्याला बारीक थरथर येते. कानांआधी पायाला समजतं. चप्पल जाड टाचेची होती, तिच्यातून काही पोचतच नव्हतं. आता पातळ तळाचे बूट गाडीतच ठेवलेत.

मग टेम्सकाठीचं ऐकून गाडी मुद्दाम बंद पाडली. दहा नाही, चौदा वेळा. फिरायला निघालेले एक आजोबा थांबले, म्हणाले, "बेटा, धक्का देऊ का?" त्यांना म्हटलं, नको, मीच बंद पाडतेय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं! पण गंमत म्हणजे त्यानंतर मला हसू आवरेना आणि पुढच्या सात-आठ वेळा हात मस्त चालले.

आता शेजारी कुणाला बसवू? नवरा शनिवारी येतो, तो म्हणतो मी बसतो.

कडीपत्ता | रविवार, दुपारी १२:०५

नको!!! बाकी कुणीही चालेल. वॉचमन, भाजीवाला, मांजर.

सोनचाफा_डोंबिवली | रविवार, दुपारी १२:३०

कडीपत्ताला अनुमोदन. आमचे हे शेजारी बसले की त्यांच्या पायाशी नसलेला ब्रेक इतक्या जोरात दाबतात की मॅटला भोक पडायचं बाकी आहे. शिवाय "अगं, अगं, अगं" हा मंत्र. पुढे काय ते सांगत नाहीत, नुसतं अगं. ट्रक आहे, कुत्रं आहे की सिग्नल, आपण शोधायचं.

मी शेवटी एका ताईंना तासावर बोलावलं, त्या फक्त बायकांना स्वतःच्या गाडीवर शिकवतात. दहा तास. त्या शेजारी बसून चक्क खिडकीबाहेर बघत बसायच्या. माझा अर्धा धीर त्या बाहेर बघण्यामुळे वाढला.

अवांतर: डाव्या बाजूचा अंदाज येत नसेल तर एक करा. मोकळ्या रस्त्यावर रिकामी पाण्याची बाटली उभी ठेवून डावं चाक तिच्यावरून न्यायचा प्रयत्न करा. चिरडली की थांबून बघा, तुमच्या सीटवरून ती रेष काचेवर कुठे दिसते. बहुतेकांना ती बोनेटच्या मध्याच्या आसपास दिसते, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरीच उजवीकडे. मी तिथे डॅशबोर्डवर टिकली चिकटवली होती. सीट पुढेमागे केली की टिकलीही हलवायची.

खंबाटकी | रविवार, दुपारी ४:४०

टिकलीची आयडिया बेस्ट. आम्ही खडूने खूण करायचो.

ताई, सीटचं पण बघा. क्लच पुरा दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून बोटांनी दाबत असाल तर ती बोटभर जागा कधीच सापडणार नाही. आणि गाडी चालायला लागली की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. क्लचवर पाय विसावला तर प्लेट झिजते.

चालतं_इंजिन | रविवार, रात्री ८:१५

धागा मस्त चाललाय. माझी टिप: उतारावर न्यूट्रल करा, क्लचची कटकट नाही आणि पेट्रोलही वाचतं. मी नवले पुलाकडे येताना कायम असंच करतो.

खंबाटकी | रविवार, रात्री ८:३२

साहेब, हे कुणी वाचून करायला लागलं तर जीव जाईल. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाला येणारा तो उतार किती अपघातांनी बदनाम आहे ते पुण्यात सांगायला नको. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून तापतो, आणि तापला की धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं.

क्लचप्लेट | रविवार, रात्री ९:१०

आणि पेट्रोलबी वाचत नाही. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की आताच्या इंजिनात पेट्रोल बंदच होतंय, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंय. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत अजून चालल्या.

चालतं_इंजिन | रविवार, रात्री ९:२५

हे माहीत नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद कुणी मनावर घेऊ नये.

निशिगंध१२ | पुढचा शुक्रवार, रात्री ९:५०

एक प्रश्न. लायसन्स पक्कं असताना मागे लाल एल चिकटवला तर चालतो का? सेकंड इयरवाला म्हणतो, लावलात तर लोक अजून त्रास देतील.

सोनचाफा_डोंबिवली | शुक्रवार, रात्री १०:०५

कच्च्या लायसन्सवाल्यांना तो लावावाच लागतो, पक्कं झाल्यावर सक्ती नाही. मी वर्षभर लावला. रिक्षावाले तरीही चिकटतात, पण मागचे कारवाले बऱ्यापैकी अंतर ठेवतात. त्यांना स्वतःच्या बंपरची काळजी असते.

टेम्सकाठी | शुक्रवार, रात्री ११:५०

इथे पास झालेल्या नवशिक्यांसाठी हिरवा पी मिळतो, लावायचा की नाही हे आपल्यावर. मी लावला होता.

निशिगंध१२ | तीन आठवड्यांनी, बुधवार, दुपारी २:२०

मंडळी, आज आईला घेऊन गेले. रॅम्पवरून, स्वतः.

मधल्या दिवसांत काय केलं ते आधी. खंबाटकीकाकांनी सांगितल्याप्रमाणे हलक्या चढावर हँडब्रेकचा सराव. बोनेट उचललं जातं हे दिसायला मला चार दिवस लागले. मी बोनेटकडे बघतच नव्हते, पायाकडे बघत होते. मग दुपारी अडीचला, सोसायटी झोपलेली असताना, रॅम्पवर. वॉचमनमामांशी ठरवून घेतलं की मी खालून हॉर्न दिला की त्यांनी गेटपाशी उभं राहून वरून येणाऱ्यांना थांबवायचं. घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम त्यांना पाठ होता, गावाकडे ट्रॅक्टर चालवलाय त्यांनी. पहिले काही दिवस ते वीट हातात घेऊनच उभे राहायचे. मी वर आले की वीट खांबाजवळ ठेवून द्यायचे.

टोकावर, चढावर थांबून मी तिथेही गाडी मुद्दाम बंद पाडली. तीन दुपारी. वीट लागली नाही.

आज मात्र सकाळचे साडेनऊ, खरी वेळ. मागे एक गाडी होती, तीच, बंपरवाली. टोकाला थांबले, हँडब्रेक ओढला. समोरून शाळेची व्हॅन, मग दोन स्कूटर, मग सायकलवर पाववाला. मागून हॉर्न आला. गंमत सांगू? मी हँडब्रेककडे बघितलं आणि त्या हॉर्नचं काही वाटलं नाही, कारण गाडी कुठे जात नव्हती. आवाज बसला, बोनेट उचललं, सोडला. वर आल्यावर वॉचमनमामांनी सलाम ठोकला, तो मात्र जरा जास्तच झाला.

कर्वेनगरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. हो, पडलीच. ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, किल्ली, आरसे. मागे कोण काय म्हणालं ते ऐकू आलं नाही. आई शेजारी पाय लांब करून बसली होती, तिला कळलंच नाही. तिने विचारलं, "पेट्रोल वाचवायला बंद केलीस का?" मी हो म्हटलं.

येताना डहाणूकरच्या आतल्या गल्लीत एका पार्क केलेल्या स्कूटरचा आरसा माझ्या डाव्या आरशाला लागला. दोन्ही शाबूत. टिकली आज संध्याकाळी लावतेय.

सोनचाफा_डोंबिवली | बुधवार, दुपारी २:४०

अभिनंदन! टिकली मोठी लावा, लहान दिसत नाही.

कडीपत्ता | बुधवार, दुपारी ३:०५

ऑफिसात बसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या, त्या पाववाल्यापाशी.

क्लचप्लेट | बुधवार, सायं. ६:१५

झ्याक! आता पाचशे किलोमीटर झाले की क्लच परत एकदा बघून घ्या. शिकताना प्लेटवर जरा ताण आलेला असतोय.

निशिगंध१२ | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला लिहायचं होतं पण आज टंकायचा कंटाळा आलाय, पायही दुखतायत.

एक नवी भानगड. नवरा शनिवारी येतोय आणि आता म्हणतो, तूच चालव, बावधनला मावशीकडे जाऊ, चांदणी चौकातून. २ ऑक्टोबर २०२२ ला जुना पूल पाडला तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं, त्यानंतर तिथे जे रॅम्पचं जाळं झालंय त्यात तो स्वतः दोनदा चुकलाय. मी वारज्याकडून हायवेने येणार. काय ध्यानात ठेवू?

खंबाटकी | गुरुवार, सकाळी ५:५५

डावी लेन लांबूनच धरा आणि फलक वाचत या. फलक ऐन तोंडाशी दिसला आणि आपण चुकीच्या लेनला असलो, तर आडवं घुसायचं नाही, थांबायचं नाही, रिव्हर्स तर मुळीच घ्यायचा नाही. सरळ पुढे जायचं आणि पुढून वळून यायचं. वीस-तीस रुपयांचं पेट्रोल जाईल, जाऊ द्या. मावशीबाईंना मात्र आधी फोन करून ठेवा की चहा जरा उशिरा टाका.